लाइपझिग, जुलै १५१९: पोपपासून ग्रंथसूचीपर्यंत मागे सरकत गेलेला वाद

धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, यावर कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट बोलायला बसले की वाद ठरावीक वळणे घेतो. प्रोटेस्टंट म्हणतो, हे शास्त्रात दाखवा. कॅथॉलिक विचारतो, शास्त्रात कोणती पुस्तके धरायची हे तुम्हाला कोणी सांगितले? मग दोघेही आपले नेहमीचे उतारे काढतात आणि तासाभराने होते तिथेच असतात. ही सगळी वळणे एकाच वादात, लेखनिकांच्या नोंदींसह पाहायची असतील तर १५१९ च्या उन्हाळ्यात लाइपझिगच्या प्लाइसेनबुर्ग किल्ल्यात झालेला वाद तपासावा. तेव्हा ‘प्रोटेस्टंट’ हे नाव अस्तित्वात नव्हते. ते १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या सभेत नोंदवलेल्या निषेधानंतर आले. मार्टिन ल्यूथर अजून पोपच्या चर्चमधलाच साधू आणि प्राध्यापक होता. म्हणजे दोन पंथांचे वकील एकमेकांसमोर उभे नव्हते. एकाच चर्चमधले दोन विद्वान बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांच्या पायाखालची जमीन वेगळी झाली.

कोण, कशासाठी

एका बाजूला इंगोलश्टाट विद्यापीठाचा योहान एक्क. स्मरणशक्ती दांडगी, आवाज मोठा, वादात मुरलेला. दुसऱ्या बाजूला विटेनबर्गचे दोघे: आंद्रेयास कार्लश्टाट आणि ल्यूथर. वाद मुळात एक्क आणि कार्लश्टाट यांच्यात ठरला होता. विषय होता मनुष्याची इच्छाशक्ती आणि देवाची कृपा. पण १५१८ च्या अखेरीस एक्कने आपली वादसूत्रे छापली आणि त्यांतल्या शेवटच्या सूत्राचा रोख उघडपणे ल्यूथरवर होता. पोप सिल्व्हेस्टरच्या, म्हणजे चौथ्या शतकाच्या आधी रोमचे चर्च इतर चर्चपेक्षा श्रेष्ठ नव्हते, हे म्हणणे आम्ही नाकारतो, असे ते सूत्र. ल्यूथरने उत्तरादाखल लिहिले की रोमचे श्रेष्ठत्व गेल्या ४०० वर्षांत निघालेल्या पोपच्या अगदी थंड, निर्जीव फर्मानांवर उभे आहे. त्याविरुद्ध ११०० वर्षांचा इतिहास, शास्त्राचा पाठ आणि नायसिया परिषदेचा, म्हणजे बिशपांच्या जुन्या सार्वत्रिक सभेचा, निर्णय आहे.

ल्यूथरच्या या यादीत शास्त्राबरोबर इतिहास आणि परिषदही आहे, ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. ‘केवळ शास्त्र’ ही भूमिका त्याने लाइपझिगला येताना तयार करून आणली नव्हती. पोपविरुद्ध तो परिषदेचा आधार घेत होता, आणि हे त्या काळी नवीन नव्हते. नोव्हेंबर १५१८ मध्ये त्याने पोपच्या निर्णयाविरुद्ध सार्वत्रिक परिषदेकडे दाद मागितली होती. पोप मोठा की परिषद, हा वाद पंधराव्या शतकापासून चालत आलेला होता. एक्कला दिसले ते असे की ल्यूथर परिषदेच्या आडोशाला उभा आहे आणि तो आडोसा काढून घेता येईल.

नियम आणि पंच

प्रकरणाचा हा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत आटोपतो. निकाल का लागला नाही, हे मात्र इथेच कळते. एक्कला मोकळा, तोंडी, झटपट सवाल-जवाब हवा होता. विटेनबर्गवाल्यांनी आग्रह धरला की लेखनिक प्रत्येक वाक्य उतरवतील. त्यामुळे बोलणे संथ झाले, पण पुढे कोणालाही शब्द फिरवता आला नाही. कार्लश्टाट ग्रंथ समोर ठेवून उतारे वाचत असे. एक्कने हरकत घेतली आणि ती मान्य झाली. पुस्तके बंद झाली. पाठांतरात एक्क कितीतरी पुढे होता, त्यामुळे या एका नियमाने पारडे त्याच्याकडे झुकले.

निवाडा कोणी करायचा यावर शेवटपर्यंत घासाघीस चालली. अखेर एर्फुर्ट आणि पॅरिस या दोन विद्यापीठांची नावे ठरली. ल्यूथरच्या ऑगस्टीनियन संघाचे आणि त्याच्या विरोधातल्या डोमिनिकन संघाचे सदस्य पंचांतून वगळायचे, हेही ठरले. निवाडा केवळ धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी न करता सबंध विद्यापीठाने करावा, असा ल्यूथरचा आग्रह होता. वादाचा विषयच ‘अंतिम निर्णय कोणाचा’ हा असताना पंच नेमणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आधीच गृहीत धरणे होते. हे दोन्ही बाजूंना समजत होते, तरी दोघांनी सही केली.

यजमान होता सॅक्सनीचा ड्यूक गेऑर्ग. लाइपझिगच्या धर्मशास्त्र्यांना हा वाद आपल्या दारात नको होता, मेर्सेबुर्गच्या बिशपने मनाई करून पाहिली, पण ड्यूकने कोणाचे ऐकले नाही. २७ जूनला सेंट थॉमस चर्चमध्ये मिसा झाली आणि किल्ल्याच्या दालनात काम सुरू झाले. पहिला आठवडा एक्क आणि कार्लश्टाट यांचा. ४ जुलैला ल्यूथर उभा राहिला.

पहिली पायरी: ‘या खडकावर’

सुरुवात मत्तय १६:१८ वरून झाली: ‘तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ एक्कचे म्हणणे, खडक म्हणजे पेत्र, आणि पेत्राचा वारस पोप. म्हणून पोपचे प्रमुखपद दैवी अधिकाराने आहे. ल्यूथरने १ करिंथ ३:११ पुढे केले: घातलेल्या पायावाचून, म्हणजे ख्रिस्तावाचून, दुसरा पाया कोणालाही घालता येत नाही. दोघांनाही प्राचीन चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन आपल्या बाजूला हवा होता. अडचण अशी की ऑगस्टीनने म्हातारपणी स्वतःच्या लेखनाची जी फेरतपासणी केली, तीत ‘खडक म्हणजे पेत्र’ आणि ‘खडक म्हणजे ख्रिस्त’ हे आपलेच दोन्ही अर्थ नोंदवून निवड वाचकावर सोडली आहे. तेव्हा चर्चपित्यांचे, म्हणजे अशा प्राचीन आचार्यांचे, उतारे मोजून हा मुद्दा सुटणार नव्हता.

इथे ल्यूथरची भूमिका नेमकी समजून घ्यायला हवी. पोप नको, असे तो म्हणत नव्हता. पोपचे प्रमुखपद मानवी व्यवस्थेने आहे, दैवी आज्ञेने नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. पुरावा म्हणून त्याने पूर्वेकडचे ग्रीक चर्च दाखवले. शेकडो वर्षे ते रोमच्या सत्तेखाली नव्हते, तरी त्यांच्यात संत झाले. त्या सगळ्यांना नरकात घालायचे का? नायसियाच्या (३२५) सहाव्या नियमाकडेही त्याने बोट दाखवले. त्यात अलेक्झांड्रियाच्या बिशपला इजिप्तवर अधिकार दिला आहे आणि दाखला म्हणून रोमच्या बिशपचे नाव घेतले आहे. एकच सर्वाधिकारी असता तर असे लिहिले नसते, हा त्याचा मुद्दा. एक्कने ग्रीकांना फुटीर ठरवून टाकले. शिवाय त्याने सुरुवातीच्या पोपांच्या नावाची पत्रे पुढे केली. त्यांच्या खरेपणावर ल्यूथरने तिथल्या तिथे शंका घेतली आणि ती रास्त होती. ही पत्रे नवव्या शतकातल्या बनावट संग्रहातली. १६२८ मध्ये डेव्हिड ब्लोंडेलने ते सविस्तर दाखवून दिले. पण पत्रे खोटी ठरली म्हणून एक्कचा सगळा युक्तिवाद कोसळतो असे नाही. त्याचा भक्कम भाग पुढेच होता.

दुसरी पायरी: हुसचा फास

५ जुलैला एक्क म्हणाला की पोपचे प्रमुखपद नाकारणारी ही मते जुनीच आहेत, इंग्लंडचा विक्लिफ आणि बोहेमियाचा (आजचे चेकिया) यान हुस यांची; आणि कॉन्स्टन्सच्या परिषदेने ती दोषी ठरवली आहेत. हुसला त्या परिषदेने ६ जुलै १४१५ रोजी जाळले होते. दुसऱ्या दिवशी त्याला १०४ वर्षे पुरी होणार होती.

जागा निवडण्यात एक्कचे कसब दिसते. लाइपझिगचे विद्यापीठ १४०९ मध्ये स्थापले ते प्रागमधून बाहेर पडलेल्या जर्मन प्राध्यापकांनी. हुसच्या अनुयायांशी झालेल्या युद्धांच्या झळा सॅक्सनीला बसल्या होत्या. आणि ड्यूक गेऑर्गची आई बोहेमियाच्या हुसपंथी राजाची, पोदेब्राडच्या यिर्झीची मुलगी. त्यामुळे या माणसाला तो विषय फारच लागत असे. ‘बोहेमियन’ हा शब्द त्या दालनात शिवीसारखा होता.

ल्यूथरने आधी आरोप झटकला: बोहेमियनांनी फूट पाडली ती चूकच. पण दुपारच्या खंडानंतर तो परत आला आणि म्हणाला की हुसच्या दोषी ठरवलेल्या विधानांत कितीतरी अगदी ख्रिस्ती आणि शुभवर्तमानाला धरून आहेत. उदाहरणार्थ, ‘एकच सार्वत्रिक चर्च आहे.’ अशा विधानांना सार्वत्रिक चर्च दोषी ठरवूच शकत नाही. तारणासाठी रोमचे चर्च इतरांपेक्षा श्रेष्ठ मानलेच पाहिजे असे नाही, मग हे विक्लिफने म्हटलेले असो की हुसने. ड्यूक गेऑर्ग कमरेवर हात ठेवून, मान हलवत, ‘साथ येवो याला’ अशा अर्थाचे मोठ्याने बोलला, अशी आठवण तिथे हजर असलेल्या सेबास्टियान फ्रॉशेलने लिहून ठेवली आहे.

आता एक्ककडे साधा दोर होता आणि तो त्याने ओढत नेला. पोप चुकू शकतो म्हणता, मग परिषद? ल्यूथरने निसटायला एक वाट शोधली होती आणि ती हुशारीची होती. कॉन्स्टन्सने हुसची ३० विधाने एकगठ्ठा दोषी ठरवताना म्हटले होते की त्यांतली काही पाखंडी, काही चुकीची, काही उतावळी, काही भाविकांचे कान दुखावणारी आहेत. कोणते विधान कोणत्या खान्यात ते सांगितले नव्हते. म्हणून ही विशिष्ट विधाने पाखंडी ठरली आहेत असे कशावरून? कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा पक्का होता. पण एक्कने प्रश्न त्याहून सोपा करून ठेवला: रीतसर भरलेली परिषद चुकली, असे मानता की नाही? अखेर ल्यूथरच्या तोंडून आले की परिषदाही चुकू शकते आणि कधीकधी चुकली आहे. एक्कचे उत्तर मत्तय १८:१७ च्या शब्दांत: असे मानत असाल तर तुम्ही मला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखे.

ल्यूथर हरला की जिंकला, हे इथे विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात शास्त्राच्या वरचा एकही मानवी निर्णय निर्विवाद उरला नाही, ही या वळणावरची ठोस गोष्ट. एक्कने त्याला कोपऱ्यात ढकलले असे म्हणतात ते खरे. तो कोपरा ल्यूथरला सापडला आणि त्याने तिथे घर केले, हेही तितकेच खरे.

तिसरी पायरी: मक्काबींचे दुसरे पुस्तक

८ जुलैपासून विषय आला परगेटरीचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या शुद्धिस्थानाचा. या मुद्द्याची चर्चा हुसच्या प्रसंगाइतकी होत नाही, पण आमच्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे.

एक्कने २ मक्काबी अध्याय १२ चा आधार घेतला. यहूदा मक्काबीचे काही सैनिक लढाईत पडतात. त्यांच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. ग्रीक पाठात २,००० चांदीचे द्राख्मा आहेत, वल्गाता या लॅटिन बायबलात १२,०००. शेवटी लिहिले आहे की मेलेल्यांची पापांतून सुटका व्हावी म्हणून त्यांच्यासाठी प्रार्थना करणे हा पवित्र आणि हितकर विचार आहे.

ल्यूथर म्हणाला, शुद्धिस्थान आहे हे मी मानतो. पण ते शास्त्रातून सिद्ध होत नाही. मक्काबींचे पुस्तक बायबलच्या अधिकृत ग्रंथसूचीत नाही. श्रद्धावंतांपुढे ते चालेल, हट्टी माणसाला गप्प करायला चालणार नाही. आधार जेरोमचा, बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या चर्चपित्याचा. जेरोमने शलमोनाच्या पुस्तकांच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की यहूदीथ, तोबीत आणि मक्काबी ही पुस्तके चर्च लोकांच्या उपदेशासाठी वाचते, सिद्धान्तांना आधार म्हणून नाही. एक्कने ऑगस्टीन काढला: यहुदी ही पुस्तके सूचीत धरत नाहीत, पण चर्च धरते. यावर ल्यूथरने दिलेले उत्तर पुढच्या पाच शतकांच्या वादाचे बीज आहे. एखाद्या पुस्तकात मुळात जेवढा अधिकार आणि बळ आहे, त्याहून जास्त चर्च त्याला देऊ शकत नाही.

म्हणजे आता पोप राहिला बाजूला, परिषदही राहिली. प्रश्न असा झाला: चर्च शास्त्राला ओळखते, की चर्च शास्त्राला प्रमाण ठरवते? सोनाराने सोने पारखले म्हणून ते सोने झाले नाही, हा प्रोटेस्टंट उत्तराचा आशय; पारखीवर भरवसा नसेल तर तुमच्या हातातले पितळ नाही हे कशावरून, हा कॅथॉलिक उत्तराचा. एक्कने १५२५ मध्ये वादकांसाठी जे हातपुस्तक काढले, त्यात हाच मुद्दा अग्रभागी आहे: चर्च शास्त्राहून जुने आहे, आणि चर्चच्या अधिकाराशिवाय कोणते शास्त्र अस्सल हे कळत नाही. ऑगस्टीनचे प्रसिद्ध वाक्य त्याच्या मदतीला होतेच: कॅथॉलिक चर्चच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. ल्यूथरही ऑगस्टीनचेच दुसरे वाक्य वापरत असे, जेरोमला लिहिलेल्या पत्रातले: केवळ अधिकृत शास्त्रग्रंथांच्या लेखकांनी चूक केली नाही असे मी मानतो, बाकीच्यांचे म्हणणे पटले तरच घेतो.

१५१९ मध्ये ल्यूथरचे मत आज वाटते तितके बंडखोर नव्हते. फ्लोरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये मक्काबींसह पुस्तकांची यादी दिली होती खरी, पण जेरोमचे मत मानणारे विद्वान चर्चमध्ये सर्रास होते. १५१८ मध्ये आउग्सबुर्गला ल्यूथरची उलटतपासणी घेणाऱ्या कार्डिनल काजेतानने १५३२ मध्ये स्वतः जेरोमचीच बाजू घेतली.

पुढे प्रोटेस्टंट लेखकांनी याच उताऱ्यावर आणखी एक हरकत काढली. ते सैनिक मूर्तिपूजेच्या पापात मेले, आणि कॅथॉलिक शिकवणीप्रमाणे प्राणघातक पापात मेलेल्याला शुद्धिस्थान नाही. मग उतारा काय सिद्ध करतो? कॅथॉलिक उत्तर असे की मरताना पश्चात्ताप झाला असेल, आणि मुद्दा प्रार्थनेच्या प्रथेचा आहे. वाचकाने हे लक्षात ठेवावे: पुस्तक सूचीत आहे की नाही आणि उताऱ्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वादात ते सतत एकात एक मिसळतात आणि गोंधळाचे निम्मे कारण तेच असते.

निकाल

पापदंडमाफीवर, म्हणजे पापाच्या शिक्षेत चर्च देई त्या सवलतीवर, एक्क आणि ल्यूथर जवळजवळ एकमतावर आले, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. वाद १५ जुलैच्या सुमारास आवरता घेतला, कारण नव्या सम्राटाच्या निवडणुकीहून परतणाऱ्या ब्रांडेनबुर्गच्या सरदारासाठी ड्यूकला किल्ला हवा होता.

एर्फुर्टने निवाडा देण्यास नकार दिला. पॅरिसने लाइपझिगवर मौन पाळले आणि १५ एप्रिल १५२१ रोजी ल्यूथरच्या १०४ विधानांचा निषेध प्रसिद्ध केला, पण पोपच्या प्रमुखपदाचा मुद्दा वगळून. परिषद पोपपेक्षा मोठी, या मताला पॅरिसमध्येच जोर होता. एक्कच्या बाजूने कौल दिला तर स्वतःचीच पंचाईत होती. विटेनबर्गमध्ये मात्र उत्तर तयार झाले होते. सप्टेंबर १५१९ मध्ये ल्यूथरच्या तरुण सहकाऱ्याने, मेलांख्थनने, पदवीच्या वादसूत्रांत लिहिले की शास्त्राने सिद्ध होणाऱ्या कलमांखेरीज दुसरी मानण्याची कॅथॉलिकाला गरज नाही, आणि परिषदांचा अधिकार शास्त्राच्या अधिकारापुढे हरतो.

१५ जून १५२० च्या पोपच्या आज्ञापत्रात ल्यूथरची ४१ विधाने दोषी ठरली. ते घडवण्यात एक्कचा हात होता आणि त्यात लाइपझिग जागोजागी दिसते. २९ वे विधान परिषदांच्या अधिकाराविषयी, ३० वे हुसच्या ‘अत्यंत ख्रिस्ती’ विधानांविषयी, ३७ वे सूचीतल्या शास्त्रातून शुद्धिस्थान सिद्ध होत नाही याविषयी. गंमत म्हणजे इथेही निषेध एकगठ्ठाच आहे: काही पाखंडी, काही उद्वेगजनक, काही खोटी, कोणते कशात, हे नाही.

कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी दोन्ही टोके बांधली. मक्काबींची दोन्ही पुस्तके सूचीत नावानिशी आली, आणि सत्य लिखित पुस्तकांत व अलिखित परंपरांत आहे, दोन्हींना सारख्याच भक्तिभावाने स्वीकारावे, असे ठरले. मसुद्यात सत्य ‘काही अंशी’ पुस्तकांत आणि ‘काही अंशी’ परंपरांत असे होते. काही सभासदांच्या हरकतीनंतर अंतिम मजकुरात नुसते ‘आणि’ आले. त्यामुळे सगळे सत्य शास्त्रात बीजरूपाने आहे की काही भाग केवळ परंपरेत, यावर कॅथॉलिकांमध्ये आजही दोन मते राहू शकतात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये म्हटले की चर्चला प्रकट झालेल्या सर्व गोष्टींविषयीची खात्री केवळ शास्त्रातून मिळत नाही. त्याच दस्तऐवजात हेही म्हटले की धर्मपीठ, म्हणजे पोप आणि बिशपांचा शिकवण्याचा अधिकार, देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे.

प्रोटेस्टंट बाजूने ल्यूथरच्या १५३४ च्या बायबलमध्ये ही पुस्तके वेगळ्या विभागात, ‘पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली’ अशा शेऱ्यासह छापली गेली. म्हणजे मक्काबींचे दुसरे पुस्तक फाडून टाकले नव्हते, खालच्या पायरीवर ठेवले होते.

आजच्या वादात हे कुठे अडते

नेहमीची चूक म्हणजे २ तीमथ्य ३:१६ काढणे. ‘प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी आहे’ यावरून शास्त्राचा उपयोग सिद्ध होतो. ते एकमेव प्रमाण आहे हे तेवढ्यावरून निघत नाही, आणि त्यात ग्रंथांची यादीही नाही. २ थेस्सलनी २:१५ मध्ये तोंडी शिकवलेल्या गोष्टी धरून ठेवायला सांगितले आहे, म्हणून कॅथॉलिक ते काढतो; पण त्या तोंडी गोष्टी कोणत्या, आणि आज दाखवतात त्याच का, हे ते वचन सांगत नाही. एकेका वचनावर हा वाद संपत नाही, कारण तो वचनांचा नाहीच.

दुसरी चूक प्रतिपक्षाची भूमिका चुकीची मांडण्याची. जाणत्या प्रोटेस्टंट परंपरेत ‘केवळ शास्त्र’ म्हणजे परिषदा आणि चर्चपिते टाकाऊ असे नाही. त्यांना तपासता येते, शास्त्राला नाही, एवढाच फरक. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रात परिषदा चुकू शकतात असे लिहिले आहे, आणि तरी त्यांचे शास्त्रसंमत निर्णय आदराने घ्यावेत असेही. ते श्रद्धापत्र स्वतः एका सभेनेच तयार केले, यावर कॅथॉलिक बोट ठेवतो तेव्हा त्याला हा फरक सांगावा लागतो.

उरतो तो एक्कचा खरा प्रश्न, सूचीचा. ल्यूथरनंतरचा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याने उत्तर दिले की पवित्र आत्मा वाचकाच्या अंतरंगात शास्त्राची साक्ष देतो. पण ल्यूथरला याकोबाचे पत्र फारसे रुचत नव्हते आणि दुसऱ्यांना रुचत होते; मग कोणाच्या अंतरंगातली साक्ष धरायची? काही प्रोटेस्टंट सरळ मान्य करतात की सूची ठरवणारे चुकू शकत होते, तरी सूची बरोबर आहे असे मानायला ऐतिहासिक पुरावा पुरेसा आहे. कॅथॉलिकाला हे अपुरे वाटते. त्याने मग स्वतःला विचारावे की चुकू न शकणारे चर्च हेच, ग्रीकांचे नव्हे, हे आपण कशावरून ठरवले. मत्तय १६ आणि इतिहास तपासूनच ना? आणि तो तपास करताना त्याच्यापाशीही चुकू शकणारी स्वतःची बुद्धीच होती.